पुस्तकाइतका टिकणारा कोड

शालेय ग्रंथालयांसाठी क्यूआर कोडाची व वर्धित वास्तवाची साधने घडवणारे बंगळुरूतील अभियंते, शिक्षणक्षेत्रातील कंपन्यांचे व संस्थांचे संचालक, आणि ही साधने शाळांसाठी मंजूर करणारे शिक्षण खात्यातील अधिकारी यांस,



डॉ. शियाळी रामामृत रंगनाथन यांनी १९६२ साली भारतीय सांख्यिकी संस्थेच्या छत्राखाली बंगळुरूत प्रलेखन संशोधन व प्रशिक्षण केंद्र उभे केले आणि १९७२ मध्ये याच शहरात त्यांचे निधन झाले. गणिताचे अध्यापन सोडून ग्रंथालयाकडे वळलेल्या या विद्वानाने १९३१ सालीच ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली होती, आणि वाचकाचा वेळ वाचवणे हे ग्रंथपालाचे कर्तव्य आहे, हे त्यांपैकी एका सूत्राचे सार होते. आज देशभरातील पाठ्यपुस्तकांवरील क्यूआर कोड ज्या ‘दीक्षा’ या सरकारी मंचाकडे नेतात, त्याची ‘सनबर्ड’ नावाची मुक्त-स्रोत पायाभरणी ज्या एकस्टेप फाउंडेशनमध्ये झाली, ती संस्थाही बंगळुरूचीच. आणि २०१५ पासून मुक्त परवान्याखाली भारतीय भाषांतील बालकथा उपलब्ध करून देणारा ‘स्टोरीवीव्हर’ हा उपक्रम चालवणारी प्रथम बुक्स हीसुद्धा याच शहरातली. ग्रंथालयशास्त्राची आणि संगणकशास्त्राची इतकी समृद्ध परंपरा एका शहरात शेजारी-शेजारी नांदत असताना, शाळेच्या ग्रंथालयात लावल्या जाणाऱ्या कोडांचा आराखडा ठरताना ग्रंथपालाला मात्र क्वचितच विचारले जाते, ही या पत्रामागची मूळ खंत आहे. साधने बसवली जातात, उद्घाटने होतात, छायाचित्रे निघतात. दोन-तीन वर्षांनी त्या कोडांचे काय झाले याची विचारपूस करण्याची जबाबदारी कोणावरच नसते.

तक्रारींकडे वळण्यापूर्वी या दोन तंत्रांचे स्वरूप स्पष्ट केलेले बरे, कारण शाळांना दिल्या जाणाऱ्या माहितीपत्रकांत त्यांची बहुधा सरमिसळ होते. क्यूआर कोड हा १९९४ साली जपानमधील डेन्सो वेव्ह या कंपनीत मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोटारींच्या सुट्या भागांची नोंद जलद व्हावी म्हणून घडवला. त्याच्या तीन कोपऱ्यांतील मोठे चौकोन कॅमेऱ्याला दिशा दाखवतात, उरलेल्या लहान काळ्या-पांढऱ्या घरांत मजकूर साठवलेला असतो, आणि त्या मजकुरासोबत दुरुस्तीसाठी जादा माहितीही ठेवलेली असल्यामुळे निवडलेल्या पातळीनुसार सुमारे ७ ते ३० टक्के भाग खराब झाला तरी कोड वाचता येतो. कंपनीने आपला एकस्वाचा हक्क सर्वसाधारण वापराविरुद्ध न बजावण्याचे धोरण ठेवल्यामुळे तो जगभर विनामूल्य पसरला, आणि आज बंगळुरूतल्या भाजीच्या हातगाडीवरही तो दिसतो. वर्धित वास्तव म्हणजे ऑगमेंटेड रिॲलिटी हे तंत्र वेगळे आहे: कॅमेऱ्यातून दिसणाऱ्या खऱ्या दृश्यावर संगणकाने रचलेले चित्र, आवाज किंवा त्रिमितीय आकृती अशा रीतीने बसवली जाते की पाहणाऱ्याला ती त्या जागीच असल्यासारखी वाटते. पुस्तकातले एखादे चित्र किंवा कोड हीच त्या आकृतीची खूण मानली, तर ते पान कॅमेऱ्यासमोर धरताच त्यावर आकृती उभी राहते. सारांश, कोडात बहुतेक वेळा केवळ एक पत्ता असतो, आणि त्या पत्त्यावर कोणी तरी काही तरी जपून ठेवले असेल तरच त्याला अर्थ असतो.

या तंत्राचे मोल मराठी शिक्षणक्षेत्राला नव्याने सांगण्याची गरज नाही. सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यातील परितेवाडी येथील जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडून कविता, चित्रफिती, गोष्टी व स्वाध्याय मुलांपर्यंत पोहोचवले. २०१७ मध्ये महाराष्ट्र शासनाने सर्व इयत्तांच्या पाठ्यपुस्तकांत असे कोड आणण्याचे जाहीर केले, २०१८ मध्ये राष्ट्रीय पातळीवरही तीच दिशा स्वीकारली गेली, आणि ३ डिसेंबर २०२० रोजी डिसले यांना दहा लाख डॉलरचा ग्लोबल टीचर प्राइझ हा पुरस्कार जाहीर झाला, ज्यातील निम्मी रक्कम अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांत वाटून देण्याचे त्यांनी जाहीर केले. या यशाची चर्चा करताना एक गोष्ट नेहमी मागे पडते. तेथे कोडाच्या अलीकडे मुले ओळखणारा शिक्षक होता आणि पलीकडे त्याच शिक्षकाने विचारपूर्वक निवडलेली सामग्री होती. कोडाचे काम या दोहोंना जोडण्यापुरते होते. आपल्यापैकी अनेकांनी त्या प्रयोगातून कोड तेवढा उचलला आहे.

पहिली आणि सर्वांत गंभीर तक्रार टिकाऊपणाची आहे. शाळेच्या ग्रंथालयातील पुस्तक नीट बांधलेले असेल तर वीस-तीस वर्षे सहज वापरात राहते, आणि दाखल नोंदवहीत त्याला मिळालेला क्रमांक शाळा असेपर्यंत बदलत नाही. त्याच्या मलपृष्ठावर चिकटवलेला कोड मात्र पुष्कळदा कुठल्या तरी सशुल्क सेवेमार्फत वळवलेला असतो, वर्गणी थकली की तो बंद पडतो, आणि कोडाचा कागद शाबूत असूनही मुलापुढे रिकामे पान उघडते. वर्धित वास्तवाच्या बाबतीत ही पडझड जगाने एकदा पाहिली आहे. जगभरच्या शिक्षकांनी आणि ग्रंथपालांनी ज्यावर पुस्तकांची मुखपृष्ठे ‘बोलती’ केली होती ते ‘ऑरास्मा’ पुढे ‘एचपी रिव्हील’ झाले आणि २०२० च्या आरंभी बंद पडले. गूगलचे आभासी सहलींचे ‘एक्सपिडिशन्स’ आणि त्रिमितीय आकृत्यांचे ‘पॉली’ हे भांडार दोन्ही ३० जून २०२१ रोजी मिटले. या सेवा बंद करण्यामागे त्या त्या कंपन्यांची व्यावसायिक कारणे असतील, आणि ती रास्तही असतील. परंतु ग्रंथालयाचा व्यवहार दीर्घ मुदतीच्या विश्वासावर चालतो, आणि पुस्तकावर छापलेला कोड हा ग्रंथालयाने वाचकाला दिलेला शब्द ठरतो, हे ध्यानात घेऊन साधन घडवले गेलेले नव्हते, हेही तितकेच खरे.

यावरचा उपाय आपल्याच शहरात सापडलेला आहे. ‘दीक्षा’च्या कोडाखाली अक्षरे व अंक मिळून सहा चिन्हांचा एक संकेत छापलेला असतो, कोडाच्या पोटात सामग्री नसते, तर हा स्थिर संकेत असतो, आणि त्या संकेताला कोणती सामग्री जोडायची हे मंचावर कधीही बदलता येते. छापील पान तसेच राहते, मागची चित्रफीत मात्र सुधारता येते. शिवाय कॅमेरा बिघडलेला असला तरी ती सहा चिन्हे हाताने टंकून तेच पान उघडता येते. ग्रंथालयासाठी साधने घडवणाऱ्या प्रत्येकाने याच तत्त्वावर, शाळेच्या किंवा शासनाच्या मालकीच्या पत्त्यावरून, कोड द्यावेत. पुस्तकाचा दाखल क्रमांक आणि आंतरराष्ट्रीय मानक ग्रंथ क्रमांक यांच्याशी ते जोडावेत, म्हणजे ई-ग्रंथालय किंवा कोहा यांसारख्या ग्रंथालय-प्रणालीत त्यांची नोंद राहील. आणि कंपनी उद्या बंद पडली तर सर्व सामग्री खुल्या स्वरूपात शाळेच्या हाती येईल, अशी लेखी तरतूद करारात असावी. चिकटपट्ट्यांचा प्रश्न लहान वाटतो, पण तोही येथेच नोंदवायला हवा: चकचकीत प्लास्टिकच्या आवरणावर उजेड परावर्तित होऊन कोड वाचला जात नाही, चौकटीभोवती चार घरांइतकी मोकळी जागा न सोडल्यास कॅमेरा चाचपडतो, आणि मुलांच्या हातांत वर्षानुवर्षे फिरणाऱ्या पुस्तकासाठी दुरुस्तीची सर्वांत वरची पातळीच निवडायला हवी. छपाईच्या आदेशात या तीन ओळी घालायला काहीही खर्च येत नाही.

दुसरी तक्रार, साधन कोणाच्या हातात आहे या प्रश्नाचा विचार न करण्याची. शाळांची सरकारी सांख्यिकी गोळा करणाऱ्या युडायस प्लसच्या २०२३-२४ च्या अहवालानुसार देशातील ५७.२ टक्के शाळांत संगणक आणि ५३.९ टक्के शाळांत इंटरनेट होते. म्हणजे जवळजवळ निम्म्या शाळांत कोड वाचून पुढे काहीच उघडले नसते. घरी फोन असतो, हे उत्तर अपुरे आहे. ‘असर’ या वार्षिक शिक्षणस्थिती अहवालाच्या २०२४ च्या ग्रामीण पाहणीत १४ ते १६ वर्षे वयाच्या ८२.२ टक्के मुलामुलींना स्मार्टफोन वापरता येतो असे आढळले, परंतु त्यांपैकी आधीच्या आठवड्यात तो अभ्यासासंबंधी कामासाठी वापरणारी ५७ टक्के, तर समाजमाध्यमांसाठी वापरणारी ७६ टक्के होती. आणि फोन वापरता येणाऱ्यांपैकी स्वतःचा फोन असलेल्यांचे प्रमाण मुलग्यांत ३६.२ टक्के तर मुलींत २६.९ टक्केच भरले. अनेक शाळांत विद्यार्थ्यांनी फोन आणण्यास बंदी असते, आणि त्या बंदीमागे सबळ कारणे आहेत. ज्या ग्रंथालयाचे मुख्य बळ सर्वांना समान प्रवेश हे आहे, तेथे भाऊ कोड उघडतो आणि बहीण त्याची पाळी संपण्याची वाट पाहते, अशी व्यवस्था उभी राहता कामा नये.

म्हणून मागणी अशी की साधनाची रचना एका सामायिक यंत्रापासून सुरू व्हावी. ग्रंथपालाच्या टेबलावर एक टॅब्लेट, आणि खोलीच्या कोपऱ्यात रास्पबेरी पायसारखा तळहाताएवढा संगणक, ज्यात सर्व सामग्री आधीच उतरवून ठेवलेली आहे आणि जो इंटरनेटशिवाय खोलीपुरते स्थानिक जाळे चालवतो: एवढ्यावर शंभर मुलांचे ग्रंथालय चालू शकते. वर्धित वास्तवाच्या बहुतेक नव्या साधनांना मात्र ठरावीक प्रतीचे फोनच चालतात, आणि ती घडवणाऱ्यांच्या कचेरीत तसलेच फोन असतात. स्वस्त, चार-पाच वर्षे जुन्या आणि पडदा तडकलेल्या फोनवर चाचणी झाल्याखेरीज कोणतेही साधन शाळेला देऊ नये, हा नियम आपण स्वतःहून पाळावा.

तिसरी तक्रार सामग्रीची आहे, आणि ती करताना अधिक दुःख होते, कारण येथे तंत्राची अडचण नसून विचाराची उणीव आहे. कथेच्या पुस्तकावरील कोड उघडला की पुष्कळदा त्याच कथेची चित्रफीत सुरू होते. मूल ती पाहते, कथा त्याला कळते, आणि पुस्तक पुन्हा कपाटात जाते. वाचनाकडे नेण्यासाठी लावलेला कोड अशा वेळी वाचनापासून दूर नेतो. चित्रकाराने निवडलेल्या रंगरेषांतून जे प्राणी मुलाच्या मनात हलू लागले असते, ते पडद्यावर आयते हलवून दाखवल्याने मुलाच्या कल्पनेचे काम हिरावले जाते, आणि बालसाहित्याच्या चित्रकारांनाही त्यातून न्याय मिळत नाही. वर्धित वास्तवाचा उपयोग तेथे करावा, जेथे सपाट पान खरोखर अपुरे पडते. हृदयाच्या चार कप्प्यांतून रक्त कसे फिरते, ग्रहण कशामुळे घडते, रेणूतील अणूंची मांडणी कशी असते, डोंगरी किल्ल्याची तटबंदी उताराचा आधार कसा घेते, हे विषय त्या तंत्राची वाट पाहत आहेत. नकाशावरील समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा, भूगोलाच्या पुस्तकात कितीही नीट काढल्या तरी पुष्कळ मुलांना डोंगर दिसत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी यासाठी वाळूची एक पेटी तयार केली, जिच्यावर खोली मोजणारा कॅमेरा आणि प्रक्षेपक टांगलेला असतो. मुले हाताने वाळूचा डोंगर रचतात, आणि त्यावर समोच्च रेषा व उंचीनुसार रंग त्याच क्षणी उमटतात, डोंगर मोडला की रेषाही सरकतात. तिची संगणकप्रणाली खुली आहे, एकाही मुलाच्या हाती फोन लागत नाही, आणि पाच-सहा मुले मिळून शिकतात. अशी पेटी ग्रंथालयात नकाशासंग्रहाशेजारी ठेवली, तर पेटीकडून पुस्तकाकडे आणि पुस्तकाकडून पुन्हा पेटीकडे जाण्याची वाट आपोआप तयार होईल.

कथेच्या पुस्तकालाही कोड असू शकतो. त्याच लेखकाची दुसरी पुस्तके ग्रंथालयाच्या कोणत्या कपाटात आहेत, हे पुस्तक आधी वाचलेल्या एखाद्या विद्यार्थिनीने त्याविषयी आपल्या आवाजात काय सांगितले आहे, कथेत आलेला पक्षी कसा ओरडतो: एवढे सांगून कोडाने थांबावे. रंगनाथन यांनी वाचकाचा जो वेळ वाचवायचा म्हटले, तो पुस्तक शोधण्याचा वेळ होता. वाचण्याचा वेळ वाचवावा असे ग्रंथालयशास्त्राने कधीही म्हटलेले नाही.

चौथा मुद्दा भाषेचा. कर्नाटकात बेळगावपासून बिदरपर्यंत मराठी माध्यमाच्या सरकारी शाळा आहेत, आणि त्यांची पाठ्यपुस्तके बंगळुरूतील कर्नाटक पाठ्यपुस्तक संघ मराठीतून प्रसिद्ध करतो. खुद्द बंगळुरूत मात्र बहुतांश मराठी मुले इंग्रजी किंवा कन्नड वाचतात आणि मराठी घरात बोलण्यापुरती उरते. या दोन्ही प्रकारच्या मुलांसाठी कोड हे मोठे वरदान ठरू शकते. मराठी पुस्तकावरील कोड मराठी सामग्रीवरच उघडावा, इंग्रजी किंवा हिंदी सामग्री आधी आणि मराठी शोधल्यावर अशी मांडणी नसावी. तसेच कन्नड गोष्टीच्या पुस्तकावर तीच गोष्ट मराठीतून ऐकण्याची सोय असावी, म्हणजे बंगळुरूतील मराठी मूल घरची भाषा आणि शेजाऱ्यांची भाषा एकाच पुस्तकातून शिकेल. स्टोरीवीव्हरवरील कथांचा परवाना, श्रेय दिल्यास कोणालाही भाषांतर व ध्वनिमुद्रण करण्याची मुभा देतो, त्यामुळे येथे हक्कांचा अडसर नाही. अडसर आहे तो काळजीचा. त्रिमितीय दृश्ये रचण्याची काही प्रचलित साधने देवनागरी लिपी नीट जुळवत नाहीत: पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाते, जोडाक्षरे पाय मोडून सुटी पडतात, ‘ऱ्या’ची जागा भलतेच चिन्ह घेते. यंत्राने वाचलेल्या मराठीत पुष्कळदा ‘चमचा’ आणि ‘चहा’ यांतील च सारखेच उच्चारले जातात. वाचायला नुकतेच शिकणाऱ्या मुलापुढे असे अक्षर आणि असा उच्चार ठेवणे म्हणजे त्याला चुकीचे शिकवणे होय, आणि इंग्रजी मजकुरात अशी एक चूक जरी राहिली तरी ते साधन बाजारात आणले गेले नसते, हे आपणही मान्य कराल. मराठी जाणणाऱ्या माणसाने प्रत्येक पान डोळ्यांखालून घालावे आणि आवाज माणसाचाच असावा, ही मागणी अवाजवी नाही.

पाचवा मुद्दा दृष्टिहीन विद्यार्थ्यांचा. त्यांच्यासाठी ध्वनिरूप सामग्री कोडामागे ठेवली जाते, पण कोड पुस्तकावर कोठे आहे हे त्यांना बोटांनी कळत नाही. त्याभोवती उठावदार चौकट असावी आणि प्रत्येक पुस्तकावर त्याची जागा एकच असावी, एवढ्याने तो अडसर दूर होतो.

सहावा मुद्दा गोपनीयतेचा. मूल काय वाचते याची नोंद ग्रंथालयाबाहेर जाऊ नये, ही ग्रंथपालाच्या व्यवसायातील जुनी मर्यादा आहे, आणि कोड उघडण्यासाठी नाव, भ्रमणध्वनी क्रमांक किंवा शाळेचा ओळखक्रमांक मागणारी साधने ती मोडतात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमाने अठरा वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची पडताळणीयोग्य संमती आवश्यक केली आहे आणि मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवण्यास व त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवण्यास मनाई केली आहे. ग्रंथालयातील कोड कोणत्याही नोंदणीशिवाय उघडला पाहिजे. किती वेळा उघडला हे मोजावे, कोणी उघडला हे मोजू नये.

अधिकाऱ्यांसाठी यापुढचे. शिक्षण हक्क अधिनियम २००९ च्या अनुसूचीत प्रत्येक शाळेत वर्तमानपत्रे, नियतकालिके आणि गोष्टींच्या पुस्तकांसह सर्व विषयांची पुस्तके पुरवणारे ग्रंथालय असावे असे म्हटले आहे. ते चालवणारा ग्रंथपाल मात्र त्या अनुसूचीत नाही. परिणामी असंख्य प्राथमिक शाळांत ग्रंथालय म्हणजे एखाद्या शिक्षकाकडे जादा काम म्हणून सोपवलेले कुलूपबंद कपाट असते, आणि अशा कपाटातील पुस्तकांना कोड लावले तरी ते कपाटाआडच राहतात. यंत्रसामग्रीसाठी निधी मिळतो, मानधनासाठी मिळत नाही, ही अंदाजपत्रकातील रीत बदलल्याशिवाय या क्षेत्रात काहीही टिकणार नाही. वर्धित वास्तवाच्या संचासाठी निविदा काढताना त्याच रकमेतून निदान अर्धवेळ ग्रंथपालाचे मानधन निघते का, हे आधी पाहावे. निघत असेल तर आधी माणूस नेमावा. ग्रंथपाल किंवा ग्रंथालय सांभाळणारा शिक्षक यांना कोडामागील सामग्री स्वतः बदलण्याचा, चूक आढळल्यास ती झाकण्याचा आणि स्थानिक सामग्री जोडण्याचा अधिकार मंचावर मिळावा, आणि त्याचे प्रशिक्षण एका दुपारच्या कार्यक्रमात उरकू नये. निविदेतील देयकाचा एक हप्ता तीन वर्षे राखून ठेवावा आणि त्या मुदतीनंतर कोड चालू असल्याची शाळेने खात्री दिल्यावरच तो द्यावा. ठेकेदाराला कोडाची आठवण राहण्यासाठी याहून साधी तरतूद सुचत नाही.

शेवटची विनंती आपणा सर्वांना मिळून आहे, आणि ती येत्या शैक्षणिक वर्षाच्या छपाईपूर्वी पुरी होण्याजोगी आहे. आजवर पाठ्यपुस्तकांवर आणि ग्रंथालयातील पुस्तकांवर जे कोड छापले वा चिकटवले गेले, त्यांपैकी प्रत्येक जिल्ह्यातील काही शाळांतील जुन्या, वापरून झिजलेल्या प्रती घेऊन किती कोड अजून उघडतात, किती चुकीच्या ठिकाणी नेतात, मराठी, कन्नड, उर्दू अशा माध्यमांनुसार त्यांत किती फरक पडतो, याची तपासणी ग्रंथपालांच्या सहभागाने करावी आणि तिचे निष्कर्ष जसेच्या तसे प्रसिद्ध करावेत. नवे कोड त्यानंतर छापावेत.



आपला,
शालेय ग्रंथालयांचा एक हितचिंतक,
बंगळुरू